दोन बोटांनी सरकवलेलं ताट

कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज सकाळी साडेअकराला सगळ्यांची पाचावर धारण बसायची, कारण त्या वेळी चवीचं ताट निघायचं. चारशे माणसांचं जेवण तयार झालं, की प्रत्येक पातेल्यातला एकेक डाव एका ताटात वाढून ते ताट कोपऱ्यातल्या पत्र्याच्या टेबलावर मुख्य आचाऱ्यासमोर, म्हणजे वस्तादासमोर ठेवायचं, ही तिथली पद्धत. वस्ताद उभ्याउभ्याच प्रत्येक पदार्थाचा एकेक घास घ्यायचा. त्याने ताट स्वतःकडे ओढलं तर जेवण पास. मग तो तेच ताट घेऊन बसायचा आणि मुकाट्याने जेवायचा. पसंत पडलं नाही, तर उजव्या हाताची दोन बोटं ताटाच्या कडेला लावायचा आणि ताट टेबलाच्या टोकापर्यंत सरकवायचा. तोंडातून अक्षर काढायचा नाही. काय बिघडलंय ते ज्याचं पातेलं त्याने ओळखायचं आणि बाराचा भोंगा व्हायच्या आत निस्तरायचं. निस्तरलं, की ताट पुन्हा यायचं.

वस्ताद स्वतः असाच शिकला होता. पंधराव्या वर्षी ज्या आचाऱ्याच्या हाताखाली तो कांदे सोलायला लागला, तो आचारी ताट सरकवायचा नाही, सरळ पालथं घालायचा. त्याच्याशी तुलना केली तर आपण फारच मवाळ, असं वस्तादाचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. हे मत तो बोलून दाखवायचा तेव्हा भांडी घासणारी मावशी हातातली कढई खाली ठेवून आधी पोटभर हसून घ्यायची. तिथे वस्तादाला न घाबरणारी तेवढी एकच बाई होती.

"वस्ताद, सतरा वर्षं मी तुमची पातेली घासतेय," ती एकदा म्हणाली. "एवढ्या वर्षांत कोणाला 'छान झालंय' म्हणाला असाल तर सांगा, मी आजच्या दिवस दोन्ही पाळ्यांची भांडी एकटी घासते."

"छान व्हायलाच पाहिजे," वस्ताद म्हणाला. "त्यात सांगायचं काय?"

मावशीने एका पाळीचीच भांडी घासली आणि घरी गेली.

असा हा माणूस. नाकावर राग, मनगटावर उकळत्या तेलाचा जुना लांबट डाग, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला घरी. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर. त्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसायची. तीन वर्षांपूर्वी तिची पाळी दुपारी दोन ते नऊ अशी झाली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न कोणी सोडवला असं नाही. वस्तादाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दिवसभर चारशे जणांसाठी आगीपुढे उभा असतो. घरी मी गॅसला हात लावणार नाही." बायकोने काय म्हणायचं ते म्हटलं, आणि ते वाऱ्यावर गेलं. उरली कोण? तर दहा वर्षांची बुटकी.

बुटकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा खरंच बुटकी होती. ओट्यापर्यंत हात पुरायचा नाही म्हणून तेलाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर चढायची आणि रश्शात डाव फिरवायची. दहा वर्षांची पोर, डब्यावर उभी, आणि चारशे माणसांचं जेवण रांधणारा बाप पलीकडच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचतोय. हे चित्र कोणी दुसऱ्याच्या घरचं म्हणून सांगितलं असतं तर वस्तादानेच त्या बापाला धारेवर धरलं असतं. पण स्वतःच्या घरात ते त्याला दिसलं नाही. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, तीन वर्षं दिसलं नाही.

सहा वाजता ती त्याच्यापुढे ताट ठेवायची. तो एक घास घ्यायचा. आणि पंचवीस वर्षांची सवय, दोन बोटं आपोआप ताटाच्या कडेला जायची.

बुटकी आता आठवीत होती. आईपेक्षा बोटभर उंच झाली होती, पण नाव पडलं ते पडलं. शाळेत कार्यानुभवाच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं होतं. विषय होता 'घरी स्वयंपाक शिकताना'. मोठ्या पुठ्ठ्यावर पोस्टर करायचं. काय शिकलात, कसं शिकलात, कोणी शिकवलं, हे चित्रांतून दाखवायचं. पुढच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन, सगळ्यांचे आईवडील येणार. बुटकीने चार दुपारी त्या पुठ्ठ्यावर खर्ची घातल्या. तिच्या बोटांवर सगळे रंग चढले होते आणि ती जेवताना गालातल्या गालात हसायची. वस्तादाने विचारलं नाही. पोरं हसतात, त्यात विचारायचं काय.

रविवारी सकाळी तो उठून बाहेर आला, तर पोस्टर जेवायच्या टेबलावर सुकत पसरलेलं होतं.

वर मोठ्या अक्षरांत विषय लिहिला होता, प्रत्येक अक्षर एकेका भाजीच्या रंगाचं. डाव्या बाजूला एक मुलगी, तेलाच्या डब्यावर उभी. तिच्या शेजारी तीच मुलगी थोडी मोठी, डबा नाही. उजवीकडे टेबल, टेबलावर ताट. ताटाच्या कडेला एक हात. नुसता हात, मनगटाच्या मागे माणूसच नव्हता. दोन बोटं ताटाला लावलेली, आणि मनगटावर लांबट, तपकिरी डाग. खाली चौकट करून लिहिलं होतं, 'ताट कसं वाचायचं'.

ताट हळू सरकलं : मीठ कमी.
ताट जोरात सरकलं : मीठ जास्त.
ताट सरकवून पाणी प्यायले : तिखट.
ताट सरकवून उठले : करपलं.
ताट ओढून घेतलं : आतापर्यंत अकरा वेळा. तारखा मागच्या बाजूला.

आणि सगळ्यात खाली, रेघ मारून : शिकवणारे, बाबा.

वस्तादाने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे?"

बुटकी स्वयंपाकघराच्या दारातून आली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतंच. तिला वाटलं होतं बाबा हसतील. एवढ्या दिवसांचा हा खेळ आपण ओळखला, यादीसुद्धा केली, म्हणून निदान एकदा तरी मोठ्याने हसतील. "पोस्टर. शनिवारी लावायचंय."

"हा माझा हात?"

"हो. डाग जमलाय ना?"

"आणि माझं तोंड कुठंय?"

"तोंडाचं काम नव्हतं ना बाबा. तुम्ही कुठे बोलता."

तिने हे जराही खोचकपणे म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. वस्तादाने पोस्टर उचललं आणि फाडलं. पुठ्ठा जाड होता, एका दमात फाटेना. त्याने गुडघ्यावर दाबून त्याचे दोन केले, मग दोनाचे चार. मागची बाजू त्याने पाहिलीच नाही. तिथे तिने अकराच्या अकरा तारखा लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी काय केलं होतं ते.

आवाज ऐकून बायको आतून आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. तिने टेबलाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग नवऱ्याकडे.

"फाडलंत?"

"मग काय आरती ओवाळू? शाळेत माझी अब्रू टांगायला निघालीय ही! कारखान्यातल्या निम्म्या लोकांची पोरं त्याच शाळेत आहेत. सोमवारी कँटीनमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती मला."

"तोंड तिने काढलंच नव्हतं."

"तू गप्प बस."

"नाही बसणार. त्यात खोटं काय होतं तेवढं सांगा, मग बसते."

वस्तादाचा आवाज चढला. "खोटं? मी नाही शिकवलं हिला? हिच्या वयाच्या पोरींना चहा करता येत नाही नीट, आणि ही सगळं जेवण करते. कशाच्या जोरावर? माझ्या ताटाच्या जोरावर! कँटीनमध्ये सगळे असेच शिकले. मी असाच शिकलो. कोण रडलं?"

हे तो मनापासून बोलत होता, ही यातली खरी गोची. आपण तीन वर्षं रोज संध्याकाळी लेकीला धडा देतोय अशी त्याची पक्की समजूत होती.

"कँटीनमध्ये ताट परत येतं ना?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द ती दात आवळून बोलत होती. "ते पुन्हा करतात, तुम्ही पुन्हा चाखता, आणि मग तुम्हीच ते जेवता. इथे काय होतं माहीत आहे का तुम्हाला? ताट सरकवून तुम्ही पाव खाता आणि पेपर घेऊन पडता. ते सरकवलेलं ताट नंतर कोण जेवतं? विचारलंत कधी? ती जेवते. एकटी. स्वयंपाकघरात उभी राहून. रोज तुमचं उष्टं आणि तुमचा राग, दोन्ही एकाच ताटात."

वस्तादाला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तो आणखी चिडला. आपल्या घरातली गोष्ट आपल्यालाच कोणी सांगावी, याचा त्याला भयंकर संताप आला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "शिकवायचंच ना? आत्ता शिकवतो. चल गं."

आणि बायकोच्या डोळ्यांदेखत तो स्वयंपाकघरात शिरला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा.

बटाट्याचा रस्सा करायचा ठरला. म्हणजे त्यानेच ठरवलं. बुटकी ओट्याच्या टोकाला हात पाठीमागे बांधून उभी राहिली. वस्तादाने सुरी मागितली, धार पाहून नाक मुरडलं, आणि कांदे चिरायला घेतले. त्याचा हात चालायला लागला की बघत राहावं असाच. सुरी दिसायचीच नाही, नुसता खटखट आवाज आणि कांद्याचा ढीग. पण ढीग थांबेना. तिघांच्या रश्शाला सात कांदे चिरून झाले तेव्हा बुटकी हळूच म्हणाली, "बाबा, दोन पुरतात."

"बघत राहा."

त्याच्या डोक्यात चारशेचा हिशेब होता. चारशेला इतके किलो, मग तिघांना किती, असं तो मनातल्या मनात भागत होता, पण हाताला भागाकार येत नव्हता. गॅस त्याने पूर्ण मोठा केला. कँटीनच्या शेगडीपुढे तो त्याला दिव्याएवढा वाटला. कढई लहान म्हणून तेल कडेने उडालं. डाव हातात मावेना, छोटा होता. मीठ त्याने नेहमीसारखं टाकलं, हातभर लांबून, मुठीने, न बघता. चारशे माणसांच्या पातेल्यात ती मूठ कुठल्या कुठे गेली असती. इथे ती सगळीच्या सगळी त्या बिचाऱ्या रश्शात पडली.

या सगळ्यात डाव एकदाही बुटकीच्या हातात आला नाही. ती बघत होती. बघत राहा म्हणून सांगितलं होतं ना.

झाल्यावर त्याने वाटीत थोडा रस्सा घेऊन तिच्यापुढे धरला. तिने चाखला. मग तिने, वस्तादाने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. ती बोलली.

"बाबा, मीठ थोडं जास्त झालंय. चव छान आहे. मी दोन बटाटे अजून उकडून घालू? आणि थोडं पाणी. होईल नीट."

इतक्या समजूतदारपणे त्याच्याशी कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ते त्याला सहन झालं नाही. "आता तू मला शिकवणार?" तो ओरडला. "मला? पंचवीस वर्षं आगीपुढे काढली मी!" डाव त्याने ओट्यावर आपटला, चपला अडकवल्या आणि जिना उतरून गेला. तासाभराने परत आला तेव्हा टेबलावर त्याच्या जागी ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. रस्सा निस्तरलेला होता. तो जेवला, सगळा.

संध्याकाळी पेपरमागूनच त्याने फर्मान सोडलं. "नवीन पोस्टर कर. आणि त्यात जे दिसायला पाहिजे ते दिसू दे."

"काय दिसायला पाहिजे?"

"बाप पोरीला शिकवतोय. अजून काय?"

बुटकीने दुसऱ्या दिवशी नवीन पुठ्ठा आणला, आणि दार लोटून दोन दुपारी बसली. या वेळी जेवताना ती हसली नाही.

गुरुवारी रात्री तिने पोस्टर आणून दाखवलं. स्वच्छ स्वयंपाकघर, खिडकीत ऊन. ओट्यापाशी पांढरी टोपी घातलेला, भरघोस मिशांचा, हसरा बाप. त्याच्या पुढ्यात मुलगी. मुलीच्या हातात चमचा, आणि तिच्या हातावर बापाचा हात. मनगटावर डाग नव्हता.

वस्तादाने बराच वेळ पाहिलं. "हं," तो म्हणाला. "टोपी आम्ही अशी तिरकी घालत नाही. पण असू दे."

बायकोनेही पाहिलं. ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागली, आणि प्रत्येक चिमटा बादलीत जोरात टाकत राहिली.

शनिवारी वस्तादाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कँटीनमधल्या लोकांचा विश्वास बसेना. "आज चवीचं ताट कोण सरकवणार?" मावशीने विचारलं, तेव्हा तिच्यावर खेकसायचंसुद्धा तो विसरला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेल्या मिशा. सभागृहात बाकं भिंतीला लावून मधे दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर चिमट्यांनी पोस्टरं लटकवली होती. बहुतेकांनी मासिकातली चित्रं कापून चिकटवली होती. कुठे अंडं, कुठे कुकर, कुठे 'गॅस बंद करायला विसरू नका'. वस्ताद हात मागे बांधून एकेक पोस्टर तपासत चालला होता, ओट्यावरची पातेली तपासावीत तसा. बायको त्याच्यापासून चार पावलं दूर होती आणि ते अंतर तिने राखलं होतं.

कार्यानुभवाच्या बाई त्याला शोधतच होत्या. किडकिडीत, भरभर बोलणाऱ्या, हातात खडूचा डबा. त्यांनी त्याला बुटकीच्या पोस्टरपाशी नेलं, आणि आजूबाजूच्या आठ-दहा पालकांनाही हाक मारून गोळा केलं.

"हे बघा सगळ्यांनी! हे स्वतः मोठे आचारी आहेत. चारशे लोकांचं जेवण करतात रोज. तरी घरी येऊन मुलीला हाताला धरून शिकवतात. आणि आपण म्हणतो वेळ नाही!" पालक कौतुकाने बघायला लागले. एक-दोघांनी मान खाली घातली. बाईंनी विचारलं, "मला सांगा ना, सगळ्यात पहिल्यांदा काय शिकवलंत तुम्ही तिला?"

वस्तादाने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. पंचवीस वर्षांत दोनशे-तीनशे माणसं त्याच्या हाताखालून गेली होती, पण कोणाला पहिल्यांदा काय शिकवलं, हे त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"अंडं फोडायला," बुटकी म्हणाली.

ती बाईंच्या शेजारी येऊन उभी होती. "मी दहा वर्षांची होते. ऑम्लेट करायचं होतं. मी सहा अंडी फोडली आणि चारांची टरफलं आत पडली. मला रडूच आलं. बाबा म्हणाले, पडू दे, आपण वेचू. मग आम्ही दोघं वाटीवर वाकून टरफलं वेचत बसलो. बाबांची बोटं जाड आहेत ना, त्यांना ती पकडताच येईनात. ते म्हणाले, हे काम तुलाच जमणार. मग मी वेचली सगळी. तरी एका बाजूने ऑम्लेट जळलंच. तर बाबांनी ते मधून कापलं आणि म्हणाले, जळलेली बाजू माझी."

पालक हसले. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. कोणीतरी म्हणालं, "वा!"

वस्तादाला मात्र दाताखाली काहीतरी कचकन आल्यासारखं झालं. तो दिवस त्याला आठवला. ऑम्लेट होतं, जळलेलं होतं, टरफल होतं. पहिल्याच घासाला ते दाताखाली आलं होतं, त्याने घास ताटातच थुंकला होता, आणि ताट इतकं जोरात सरकवलं होतं की ते टेबलावरून खाली पडलं होतं. पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो उठून गेला होता. एवढंच घडलं होतं त्या दिवशी. आणि या पोरीने तो दिवस घेऊन, घासूनपुसून, त्याच्यातून दुसराच एक दिवस केला होता. आत्ता, या सभागृहात उभं राहून केला नव्हता. किती सराईतपणे सांगत होती. कुठे अडखळली नाही. किती वेळा सांगितलं असेल तिने हे स्वतःला, तीन वर्षांत?

त्याचा राग उसळून वर आला. कोणावर, ते त्यालाही कळत नव्हतं. इतकं खोटं इतक्या गोड तोंडाने बोलणाऱ्या लेकीवर, डोळे पुसणाऱ्या बाईंवर, पोस्टरमधल्या त्या हसऱ्या, तिरक्या टोपीच्या माणसावर. त्या माणसावर तर सगळ्यात जास्त. तो माणूस त्याच्या घरात कधी राहिलाच नव्हता आणि तरी लेकीला तोच आवडत होता.

"खोटं आहे," वस्ताद म्हणाला.

धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्यांच्या आवाजावर बोलायची सवय असलेला तो गळा. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायला लागली.

"असलं काही झालं नाही. मी हिला काही शिकवलेलं नाही. टरफल दाताखाली आलं तेव्हा मी ताट भिरकावलं आणि निघून गेलो. त्या दिवशीही गेलो आणि नंतरही रोज. हे पोस्टरसुद्धा मीच करायला लावलं हिला. आधी केलं होतं ते फाडून टाकलं मी."

तो थांबला. खरं बोलून टाकलं होतं. आता छाती हलकी होईल, असं त्याला वाटलं. कदाचित लेक जवळ येईल, असंही वाटलं. बाई खडूचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या आणि कोणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

बुटकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ती रडत नव्हती. तेरा वर्षांत तिला रागावलेलं कोणी पाहिलं नव्हतं, तिच्या आईनेसुद्धा नाही. त्यामुळे ती बोलायला लागली तेव्हा हा आवाज कोणाचा हेच आधी कळलं नाही.

"खरं होतं ते तुम्ही फाडलंत," ती म्हणाली. "तेव्हा मी काही बोलले का? नाही बोलले. हे खोटं आहे, मला माहीत आहे. पण हे मला आवडत होतं. हे मी कितीतरी दिवसांपासून जपून ठेवलं होतं. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगितलं. तेवढं तरी ठेवायचं होतं ना बाबा माझ्याकडे."

ती वळली आणि पोस्टरांच्या दोऱ्यांखालून वाकून निघून गेली. एक चिमटा तिच्या खांद्याला लागून खाली पडला. तिची आई तिच्या मागे धावली. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गोळा झालेले पालक हळूहळू पांगले. बाईंना कोणीतरी हाक मारली आणि त्या सुटल्यासारख्या तिकडे गेल्या. वस्ताद पोस्टरपुढे एकटा उभा राहिला. आयुष्यभर त्याच्या रागाला कोणी ना कोणी गिऱ्हाईक मिळत आलं होतं. कांदा जाड कापणारा, भात मऊ करणारा, उत्तर देणारी बायको. आज तो चौफेर बघत होता आणि चिडायला स्वतःशिवाय कोणी सापडत नव्हतं.

दारातून नवीन माणसं येत होती. त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. चष्मा लावलेली एक बाई एकेक पोस्टर वाचत त्याच्यापाशी आली. तिने चित्रातल्या मिशा पाहिल्या, मग वस्तादाच्या मिशा पाहिल्या, आणि तिला मोठा आनंद झाला.

"अय्या, हे तुम्हीच ना?"

"नाही," वस्ताद म्हणाला.